महानगराच्या वेढ्यात टिकलेली शेती : न्यूयॉर्कचे क्वीन्स काउंटी फार्म

न्यूयॉर्क महानगराच्या पूर्व सीमेलगत, क्वीन्स विभागातील फ्लोरल पार्क परिसरात 47 एकरांची एक शेती आजही नांगरली जाते. ‘क्वीन्स काउंटी फार्म म्युझियम’ या नावाने ती ओळखली जाते. या जमिनीचा शेती म्हणून इतिहास 1697 पर्यंत मागे जातो. एका बाजूस 1947 मध्ये उभारलेली ग्लेन ओक्सची गृहवसाहत, तर थोड्या अंतरावर 1970 च्या दशकातील नॉर्थ शोर टॉवर्सच्या उंच इमारती आहेत. या भागात भारतीय वंशाच्या रहिवाशांची वस्तीही मोठी आहे.

युरोपीय वसाहतकार येण्यापूर्वी हा प्रदेश मॅटिनकॉक या मूळ निवासी समाजाचा होता. पुढे डच वंशाच्या एड्रियन्स कुटुंबातील जेकब आणि कॅथरीन या दांपत्याने 1772 मध्ये येथे लहानसे घर बांधले. एकोणिसाव्या शतकात नंतरच्या मालकांनी ते वाढविले. त्या काळी क्वीन्समधील शेतकरी शहराच्या बाजारपेठेसाठी भाजीपाला पिकवीत असत आणि घोडागाड्यांतून तो तेथे पोहोचवीत असत.

1898 मध्ये क्वीन्सचा न्यूयॉर्क शहरात समावेश झाला. 1909 मध्ये क्वीन्सबरो पूल खुला झाला, पाठोपाठ भुयारी रेल्वेचे जाळे पसरले. 1920 मध्ये सुमारे 4 लाख 69 हजार असलेली क्वीन्सची लोकसंख्या 1930 मध्ये 10 लाख 79 हजारांवर गेली. याच दशकात तेथील शेते झपाट्याने घरांखाली गेली.

ही शेती मात्र वाचली, आणि तीही वारसा जतनाच्या हेतूने नव्हे. 1926 मध्ये राज्य शासनाने ती क्रीडमूर मनोरुग्णालयासाठी विकत घेतली. हे रुग्णालय मुळातच 1912 मध्ये ब्रुकलिन येथील मनोरुग्णालयाची शेती-वसाहत म्हणून सुरू झाले होते. मातीतील काम रुग्णांना हितकारक ठरते, अशी त्या काळातील धारणा होती. रुग्ण येथे राबत आणि येथील भाजीपाला रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जात असे. रुग्णांच्या श्रमांचा हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. परंतु जमीन बिल्डरांच्या हाती गेली नाही, त्याचे श्रेय त्यालाच द्यावे लागेल.

रुग्णालयाची ही गरज संपल्यावर जमिनीचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. राज्य सिनेटचे सदस्य फ्रँक पॅडव्हान यांनी मांडलेल्या विधेयकामुळे 1975 मध्ये ती शहराच्या उद्यान विभागाकडे आली. 1976 मध्ये जुन्या घरास शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि 1979 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत त्याची नोंद झाली.

शेतीचा वारसा केवळ अशा दर्जाने टिकत नाही, हे क्वीन्समधीलच फ्रेश मेडोज परिसरात दिसून आले. या नावाचा अर्थ ‘गोड्या पाण्याची कुरणे’. तेथे एका कुटुंबाची सुमारे दोन एकरांची भाजीपाल्याची शेती होती. तो परिसर 1974 पासून विशेष जतनक्षेत्र होता. तरीही 2000 च्या दशकाच्या प्रारंभी जमीन विकली गेली आणि शेती थांबली. नियम बांधकाम रोखू शकतो. दररोज पहाटे शेतात कोणी उतरावे, हे तो ठरवू शकत नाही.

क्वीन्स काउंटी फार्मवर ते काम चालू आहे. भाजीपाला, फळझाडे, द्राक्षवेली, मेंढ्या, शेळ्या आणि कोंबड्या येथे आहेत. शरद ऋतूत भोपळे घेण्यासाठी आणि मक्याच्या शेतातील चक्रव्यूहासाठी कुटुंबांची गर्दी होते. ही जत्रा शेतीच्या गांभीर्यास शोभत नाही, असे एखाद्यास वाटू शकेल. तथापि त्या उत्पन्नाचाही शेतीला आधार आहे, आणि शाळकरी मुलांना अंडी, लोकर व धान्य मूळ रूपात येथेच पाहता येते. 1772 च्या घराभोवती नांगरलेली जमीन नसती, तर ते केवळ एक जुने घर उरले असते.