मुंबईची पायी फेरी: फोर्टपासून भायखळ्यापर्यंत

बेळगाव, पणजी, हैदराबाद किंवा इंदूरहून सुट्टीत मुंबईला जाणारी बहुतेक कुटुंबं गेटवे आणि चौपाटी बघून परततात. दोन दिवस हाताशी असतील तर याच शहरातली संग्रहालयं आणि फोर्टचा परिसर पायी बघता येतो. मात्र वार आधी ठरवावा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि शेजारचं जिजामाता उद्यान बुधवारी बंद असतं.

पहिला दिवस फोर्टसाठी. सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीपासून करावी. १८८८ मध्ये पूर्ण झालेलं हे स्थानक २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सकाळी लवकर गेलं तर गर्दी कमी लागते. तिथून दक्षिणेकडे चालत निघालं की हुतात्मा चौक येतो.

या चौकात मात्र सीमाभागातल्या माणसाचे पाय थबकतात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला होता. हातात मशाल घेतलेले शेतकरी-कामगार त्याचीच आठवण आहेत. बेळगाव जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यातच होता आणि तिकडे १७ जानेवारीला आजही हुतात्मा दिन पाळतात. शेजारच्या १८६४ च्या फ्लोरा फाउंटनपुढे सेल्फी काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. मुलांना घरच्यांनीच सांगावं.

पुढे राजाबाई टॉवर, काळा घोडा आणि मग छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. पाया १९०५ चा, पण पहिल्या महायुद्धात इमारत इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय खुलं व्हायला १९२२ उजाडलं. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाप आहे, विजापूर बघितलेल्याला ती लगेच कळते. ऑडिओ गाइड मराठीतही मिळतो, तो घ्यावा. घाईघाईत फिरलात तर काही हाती लागत नाही, तीन तास तरी ठेवा.

वाटेत सर पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. लहान आहे, पण जुनी नाणी आणि नोटांची आवड असेल तर वळावं. सोमवारी बंद.

दुसऱ्या दिवशी भायखळा, सीएसएमटीहून लोकलचं तिसरं स्टेशन. १८७२ साली खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. हे डॉक्टर मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, पण अनेक गोवेकरांनाही ते ठाऊक नसतं. बाहेर मोठा दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. आणि काळा घोडा चौकातला मूळ घोडेस्वार, राजा सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये तिथून हलवला गेला, तोही आता इथल्याच आवारात आहे. आदल्या दिवशी चौकात स्वाराविना उभा दिसतो तो २०१७ मधला नवा घोडा.