नाक मोजून जात सापडत नाही



मागच्या महिन्यात कोल्हापुरात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, "दादा, डीएनएनं सिद्ध झालंय. ते परदेशी, आपण इथले. विषय संपला." टाळ्या पडल्या. मी म्हणालो, विषय संपलेला नाही, आणि बाबासाहेबांनी तर तो याच्या नेमका उलट मांडलाय. दोघे-तिघे रुसून निघून गेले. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी हे वंशाचे खूळ आले कुठून ते बघू. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज सनदी अधिकारी बंगालमध्ये लोकांची नाके मोजत होता. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे, झाला नासिकांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत त्याने त्यातून काढला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हाच माणूस. त्या जनगणनेत जातींची दर्जानुसार उतरंड लावायचा घाट घातला गेला, आणि आम्हाला वरच्या पायरीवर बसवा म्हणून जातसभांचे अर्ज येऊ लागले.

रिस्लेचे म्हणणे वरच्या जातींना सोयीचेच होते. आम्ही आर्य, म्हणजे साहेबाचे लांबचे भाऊबंद! आज आपले काही लोक तीच पट्टी उलटी धरतात. तुम्ही आर्य, म्हणून परके. पट्टी मात्र रिस्लेचीच.

आता बाबासाहेब. ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांचा विद्यार्थी 'भारतातील जाती' हा निबंध वाचतो. रिस्ले, सेनार, नेसफिल्ड आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, सगळ्यांची मते तो तपासतो. त्याचे म्हणणे असे की भारतातले लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून आले आणि संस्कृतीने एकजीव झाले. जात ही त्या एकजीव समाजाची नंतर झालेली फाळणी आहे, आणि ती टिकवणारी किल्ली एकच, अंतर्विवाह, म्हणजे जातीतच लग्न.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बंद गटात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहावी लागते. नवरा मेला की बाई 'अतिरिक्त' ठरते. ती बाहेर लग्न करील किंवा गटातल्या दुसरीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला जाळायचे किंवा जन्मभर विधवा ठेवायचे. बायको मेलेला पुरुष मात्र जाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी लग्नाच्या वयाच्याही खालची पोरगी आणायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही जातीला कुंपण घालायची साधने आहेत. सगळ्यांत आधी ब्राह्मणांनी दार लावले, बाकीच्यांनी अनुकरण केले, काहींवर दार बाहेरून लागले. इथे नाक कुठेच येत नाही.

जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्य आक्रमणाची मांडणी केली, हे मला ठाऊक आहे. त्या काळी वरच्यांचेच हत्यार त्यांच्यावर उलटवणे हे मोठे धाडस होते. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा १९४६ चा ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. गुरू मानणे आणि गुरूशी मतभेद असणे एकाच पुस्तकात मावते. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' मध्ये तर त्यांनी नाकाची मोजमापेच पुराव्याला घेतली आणि निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य.

आणि डीएनए? २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीमधील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले वेगवेगळे समूह एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे थांबले, असे त्यात दिसते. मिश्रणाचे प्रमाण जातीनुसार कमीजास्त आहे, हे खरे. पण मिसळले जवळपास सगळेच. आधी मिश्रण, मग दार बंद. १९१६ चा निबंध पुन्हा उघडून बघा.

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, आणि त्याच काळात आंतरजातीय विवाहालाही कायद्याची मान्यता दिली. मराठा-धनगर विवाहांसाठी ते स्वतः खटपट करत होते. कागलकर घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांकडे गेली ती १९२४ साली, महाराजांच्या निधनानंतर. महाराजांनी बाबासाहेबांचा निबंध वाचला होता असा माझा दावा नाही. पण सक्तीचे वैधव्य आणि जातीतले लग्न, कुंपणाचे हेच दोन खांब त्यांनी हलवले. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत हे दोघे एका व्यासपीठावर आले, ते आपण दरवर्षी साजरे करतो. विवाह कायद्यांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

रक्तावरून माणूस ठरवायच्या शास्त्राने आपले काय केले, तेही इथेच दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर हजेरी लावावी लागे. गुन्हा काय, तर जन्म. महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली, आणि फासेपारध्यांना पकडून डांबण्याऐवजी काम आणि राहायला जागा दिली. रक्त सांगते म्हणून एखाद्याला चोर ठरवणे आणि रक्त सांगते म्हणून एखाद्याला परका ठरवणे, यांतला फरक मला कोणी समजावून सांगावा.

गेल्या वर्षी एका वधू-वर मेळाव्यात मी नोंदणीच्या टेबलावर होतो. छापील अर्जात धर्माच्या रकान्यात सगळ्यांनी 'बौद्ध' लिहिले होते. त्याखाली 'पूर्वाश्रमीची जात व पोटजात' असा रकाना होता. एकाही पालकाने तो कोरा सोडला नव्हता. मी आयोजकांना म्हणालो, हा रकाना काढा. ते म्हणाले, "सर, काढला तर लोक फोन करून विचारतात." यंदाच्या मेळाव्याचे अर्ज पुढच्या आठवड्यात छापायला जाणार आहेत. रुसून गेलेल्या मित्रांनी त्या बैठकीला माझ्यासोबत यावे.