एका बुचाचा इतिहास

सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे बूच उघडून आपण ते सहज फेकून देतो. या क्षुल्लक वस्तूमागे एका कल्पक माणसाची चिकाटी आहे आणि आपल्या काळापुढील एक नैतिक प्रश्नही आहे. म्हणून तिचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

एकोणिसाव्या शतकात वायुयुक्त पेये विकणाऱ्यांची मोठी अडचण असे. कॉर्कचे बूच तारेने बांधावे लागे, नाही तर वायूच्या दाबाने ते उडून जाई. इंग्लंडमधील हायरम कॉड यांनी १८७२ साली यावर एक तोडगा काढला. बाटलीच्या गळ्यात त्यांनी काचेची गोटी ठेवली. आतला वायूच ती वर ढकलून रबरी कड्यावर घट्ट बसवी. आपल्या जत्रांतील गोटी सोड्याची बाटली ती हीच. मात्र तिचा गळा आतून धुणे जिकिरीचे होते.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी विल्यम पेंटर (१८३८-१९०६) हे यंत्रशाळेत मुकादम होते. जन्म क्वेकर पंथीय घराण्यातला. अनेक प्रयोगांनंतर २ फेब्रुवारी १८९२ रोजी त्यांना नव्या बुचाचे पेटंट मिळाले. पत्र्याची चकती, आत कॉर्कचे पातळ अस्तर आणि कडेला २४ दाते, अशी त्याची घडण होती. मुकुटासारखे दिसते म्हणून त्याला 'क्राउन कॉर्क' हे नाव पडले. त्याच वर्षी 'क्राउन कॉर्क अँड सील' ही कंपनी उभी राहिली.

तथापि एवढ्याने काम भागले नाही. हे बूच नुसत्या हाताने बसत नसे आणि जुन्या बाटल्यांच्या तोंडाला ते चालत नसे. नव्या बाटल्यांचा खर्च करण्यास कारखानदार नाखूश होते. तेव्हा पेंटर यांनी पायाने चालविण्याचे यंत्र तयार केले. १८९८ साली ते बाजारात आले. बूच ठेवलेल्या बाटलीवर वरून दाब पडे आणि दाते काचेच्या कडेखाली वळून घट्ट बसत. यंत्र मिळाल्यावर बुचाचा प्रसार झपाट्याने झाला.

पेंटर यांच्या हाताखाली किंग जिलेट नावाचे एक विक्रेते होते. लोक एकदा वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घेतील, अशी वस्तू शोधा, असा सल्ला पेंटर यांनी त्यांना दिला. त्यातूनच पुढे दाढीचे टाकाऊ पाते जन्माला आले. जिलेट यांची कंपनी १९०१ साली स्थापन झाली.

सल्ला व्यापाराच्या दृष्टीने अचूक होता. परंतु त्या काळी फेकले जाई ते केवळ बूच. काचेची बाटली धुऊन पुन्हा भरली जाई. आज बूच आणि बाटली दोन्ही प्लॅस्टिकची झाली आहेत आणि दोन्ही समुद्रकिनारी येऊन पडतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात 'फेकून देण्याच्या संस्कृती'विरुद्ध इशारा दिला, तो याच सवयीला लागू पडतो.

पेंटर यांच्या बुद्धीचे कौतुक करावे, पण त्यांचा सल्ला मात्र आपण तपासून घ्यावा. लग्नाच्या मांडवात आणि चर्चच्या सणाला पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी पिंप आणि पेले ठेवले, तर त्या तपासणीचा आरंभ आपल्याच धर्मग्रामात होईल, असे आम्हांस वाटते.