तळं कोणी बाटवलं?

मागच्या जानेवारीत सातवी-आठवीची सहल घेऊन दौलताबादला गेलो होतो. आमच्या शहरापासून किल्ला जेमतेम पंधरा किलोमीटर. मुलं त्याला आधीच चार वेळा बघून आलेली असतात, तरी सहलीचं नाव निघालं की उड्या मारतात. महाकोटाच्या तटाजवळ बस थांबली. मुलं उतरली आणि चाँद मिनार बघायच्या ऐवजी खाली वाकली. जमिनीवर सगळीकडे चंदेरी-सोनेरी चमकीचे कागद पडले होते. त्यांच्यामध्ये केकचे खोके, फेसाच्या फवाऱ्याचे रिकामे डबे, पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं. पोरांनी चमकी मुठीत गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीनं तो खजिनाच होता.

एक बाई खराटा घेऊन तिथं झाडत होत्या. पन्नाशीच्या असतील. मला म्हणाल्या, "मास्तर, काल काळे कोट घातलेली पोरं-पोरी आली व्हती. वकील व्हती का काय, कोण जाणे."

वकील नव्हते ते. रात्री घरी आल्यावर मोबाईलवर एका जुन्या विद्यार्थ्याचं स्टेटस बघितलं. तोच तट, तीच कमान. काळे गाऊन घातलेली एकोणीस मुलंमुली, हवेत उडालेल्या टोप्या आणि वरून पडणारा चमकीचा पाऊस. खाली लिहिलं होतं, "फायनली ग्रॅज्युएट". आठवीपर्यंत मी त्याला उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवलं होतं. खरं सांगतो, आधी आनंद झाला. त्याचे वालिद हमाली करतात. त्या घरातला हा पहिला पदवीधर. त्यानंतर मुठीत चमकी धरलेली माझी सहलीची पोरं आठवली.

हल्ली पदवीचा समारंभ कॉलेजातच होतो, गाऊन आणि टोप्या भाड्यानं मिळतात. समारंभ संपला की टोपी परत करायच्या आधी दोन-तीन तास हातात असतात, तेवढ्यात एखाद्या देखण्या जागी जाऊन फोटो काढायचे. बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबाद. मुलांना आपल्या शहराच्या वास्तूंसमोर उभं राहावंसं वाटतं यात मला काही गैर दिसत नाही. उलट बरं वाटतं.

टोपी हवेत उडवण्याची कथा मोठी मजेशीर आहे. हे आपल्याकडे अमेरिकेतून आलं. 1912 साली अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत पास झालेल्या कॅडेटांना समारंभातच अधिकाऱ्याच्या नव्या टोप्या मिळाल्या. जुन्या टोप्यांचा उपयोग संपला, म्हणून पोरांनी त्या आकाशात भिरकावल्या. तिथं फेकलेली टोपी खरोखरच टाकाऊ होती. आमच्या मुलांच्या टोप्या भाड्याच्या, हरवली तर पैसे भरावे लागतात. म्हणून फोटो झाल्यावर त्यांनी टोप्या मोजून एकूण एक उचलल्या. म्हणजे उचलता येत नव्हतं असं नाही.

आपल्याकडे पदवीदानाला फार जुना इतिहास नाही. मुंबई विद्यापीठ 1857 चं, आणि तिथले पहिले बी. ए. 1862 साली बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, भांडारकर होते. गाऊन तेव्हाच विलायतेतून आला. पण शिक्षण पूर्ण झाल्याचा सोहळा आपल्या मदरशांमध्ये त्याच्याही आधीपासून आहे. त्याला दस्तारबंदी म्हणतात. उस्ताद शागिर्दाच्या डोक्याला पगडी बांधतात आणि इजाज़त देतात. ही इजाज़त संस्थेची नसते, माणसाची असते. मी अमक्याला शिकवलं, आता तो पुढे शिकवू शकतो, असं उस्ताद स्वतःच्या जबाबदारीवर सांगतात. शागिर्दानं काही वावगं केलं तर बोट उस्तादाकडे जातं. खानकाहींमध्ये तर त्याच्याही आधी खिदमत करावी लागे. पाणी भरा, झाडलोट करा, आल्यागेल्यांचं बघा. दौलताबादपासून जवळच खुलताबादला बुरहानुद्दीन गरीब यांची दर्गाह आहे. ज्यांनी हजरत निज़ामुद्दीन औलियांच्या बैठकांतलं बोलणं लिहून ठेवलं, ते अमीर हसन सिजज़ीही तिथंच दफन आहेत. मुहम्मद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी इकडे हलवली तेव्हा दिल्लीची ही मंडळी आपल्या दख्खनमध्ये आली. बादशहा परत गेला, हे लोक मात्र इथंच राहिले.

हे सगळं मी दर वर्षी सहलीत सांगतो. यादवांची देवगिरी, 1296 ची अलाउद्दीन खिलजीची स्वारी, तुघलक, बहमनींचा चाँद मिनार, निज़ामशाही, आणि चिनी महालात कैदेत राहिलेला गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान ताना शाह. मेंढ्याच्या तोंडाची तोफ आली की मुलं तिच्यावर हात फिरवतात. अंधेरीत शिरायच्या आधी इब्न बतूताची गोष्ट ठेवलेली असते. चौदाव्या शतकात तो इथं आला, आणि किल्ल्याच्या कैदखान्यात मांजरीपेक्षाही मोठ्या, मांजरीही ज्यांना घाबरतात अशा घुशी आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. एवढं सांगितलं की पुढची अर्धी अंधेरी पोरं आपोआप हात धरून चालतात.

एक गोष्ट मात्र मी वीस वर्षं सांगितली नव्हती. ती इथं सांगतो.

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. हा मुलूख तेव्हा निज़ामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेत दौलताबाद लागतं, किल्ला बघून पुढे जायचं ठरलं. महिना रमज़ानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेलं एक छोटं तळं होतं, भोवती रुंद फरसबंदी. प्रवासात सगळे धुळीनं माखले होते. त्यांतल्या काहींनी त्या फरसबंदीवर हातपाय-तोंड धुतलं आणि मंडळी दरवाजाशी आली. आत जायच्या परवानगीचं बोलणं चालू होतं, तेवढ्यात मागून पांढऱ्या लांब दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला. जातीचं नाव घेऊन म्हणत होता, यांनी तळं बाटवलं. बघता बघता आजूबाजूचे तरुण-म्हातारे मुसलमान जमले आणि शिव्या सुरू झाल्या.

बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही, 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून काढलं. त्या गर्दीला त्यांनी विचारलं, तुमचा मज़हब हेच शिकवतो का? आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या तळ्यावर अडवाल का? गर्दी गप्प झाली. शेवटी आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. ती अट मोडली जाऊ नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला.

कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला हा माणूस. सातच वर्षांपूर्वी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेला. त्याच्यामागे बंदूक घेऊन शिपाई चालतो आहे, पाण्यावर नजर ठेवून.

मी ही गोष्ट का सांगत नव्हतो? वेळ नसतो, मुलं लहान असतात, असं स्वतःला समजावत आलो. खरं कारण तो म्हातारा. तो आपला माणूस आहे. माझे नाना खुलताबादचे. 1934 साली ते वीस-बावीस वर्षांचे असतील, दौलताबादच्या बाजारात त्यांचं येणंजाणं होतं. तुघलकाचा वेडेपणा सांगताना मला काही वाटत नाही, बादशहा कुणाचाच नातेवाईक नसतो. पण रोज़ा ठेवून, वुजूचं पाणी जपणारा, आणि त्याच तोंडानं माणसाला बाटगा म्हणणारा तो म्हातारा आमच्या मोहल्ल्यातलाच आहे. आमच्यात ज़ातपात नाही असं आपण जलशांमध्ये ठणकावून सांगतो. मग त्या तळ्यावर काय होतं?

स्टेटसवाला विद्यार्थी दोन दिवसांनी मिठाई घेऊन घरी आला, सोबत त्याचे दोन मित्र. मी अभिनंदन केलं, चहा झाला, मग किल्ल्यावरच्या चमकीचा विषय काढला. तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "सर, पण तिथं सफाईवाले असतातच ना. त्यांचं कामच आहे."

हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, शिक्षकांच्या खोलीतही. पण त्या दिवशी ते अडकलं. हमाली करणाऱ्याचा मुलगा हे बोलत होता. तेव्हा मी त्या तिघांना 1934 ची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा, घरच्या दिवाणखान्यात. तिघंही ऐकत राहिले. मग त्यांच्यातला एक, जो जास्त बोलत नव्हता, म्हणाला, "सर, आम्ही तर कुणाला अडवलं नाही."

बरोबर होतं त्याचं. अडवलं नाही. मी जरा वेळ काढून उत्तर शोधलं. त्या म्हाताऱ्यानं पाणी स्वच्छ होतं की घाण हे बघितलंच नव्हतं. धुळीचे पाय तर त्या तळ्यावर रोज शेकडो धुतले जात असतील. त्यानं पाय कुणाचे आहेत तेवढं बघितलं. काही माणसांच्या स्पर्शानं जागा बाटते, आणि काही माणसांनी काहीही केलं तरी बाटत नाही, ही ती समजूत. आज तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे आहात. तुमच्या अंगावर गाऊन आहे, तुम्ही काहीही टाका, जागा बाटत नाही, कारण मागून खराटा घेऊन कुणीतरी येणारच आहे. ती कोण असते, तिचं आडनाव काय असतं, हे कधी विचारलंत?

जरा जास्तच झालं की काय, असं नंतर वाटलं. मिठाई घेऊन आलेल्या पोरांना कुणी असं बोलतं? बायकोनं आतून येऊन विषय बदलला.

कायदा आहेच म्हणा. दौलताबाद हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक. 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, आणि स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पण चमकीच्या कागदासाठी कुणी कुणाला कैदेत टाकणार नाही, आणि टाकूही नये. हदीसही पोरांना पाठ आहे. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा एक भाग आहे, हे मीच त्यांना पाचवीत शिकवलं, परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही काढला. तिघांनाही त्यात पूर्ण गुण मिळाले असतील.

बाबासाहेब पुढं याच शहरात कॉलेज काढायला आले, हेही त्या पोरांना नवीन होतं. 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. विद्यापीठ आलं 1958 साली, आणि 1994 पासून त्याला बाबासाहेबांचंच नाव आहे. ज्या प्रमाणपत्राबरोबर त्यांनी किल्ल्यावर फोटो काढले, त्यावर छापलेलं नाव त्याच माणसाचं, ज्याला त्या किल्ल्यात पाण्याला हात लावू दिला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. दारातून बाहेर पडताना त्या न बोलणाऱ्या पोरानंच स्वतःशी हिशेब जुळवल्यासारखं सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्या एकोणिसांपैकी चार जण किल्ल्याच्या तटाशी आले. मीही गेलो. पाचवा आला तो फोटो काढून निघून गेला, त्याचं स्टेटस आम्हा सगळ्यांच्या आधी पडलं. झाडणाऱ्या बाई होत्याच. पोरांनी घरून झाडू आणला होता, त्यावर त्या हसल्या. "झाडूनं ते उडतंय नुसतं. हातानं वेचा." मग आम्ही उकिडवे बसून हातानं वेचलं. डबे, बाटल्या, खोके दहा मिनिटांत पोत्यात गेले. चमकी दोन तासांत अर्धीही निघाली नाही. ती दगडांच्या फटीत शिरते, ओल्या मातीला चिकटते. बाईंनी त्यांना पुन्हा विचारलं, "वकील झालात का?" एकानं सांगितलं, "बी.कॉम. झालो, मावशी."

यंदाच्या सहलीत बस तिथंच थांबली. पोरं उतरली आणि पुन्हा वाकली, फटीत अजून दोन-चार चमक्या होत्या, पावसाळ्यानं रंग उडालेल्या. या वेळी मी दरवाजाबाहेर मुलांना खाली बसवलं आणि यादवांच्या आधी 1934 ची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याची दाढी, रमज़ान, शिपाई, काही वगळलं नाही. सातवीतली एक मुलगी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हात वर केला.

"सर, मग त्या सगळ्यांनी पाणी कुठं प्यायलं?"

मी म्हणालो, "किल्ल्यात तरी नाही."