अंधेरी-घाटकोपरचं कंत्राटी डेटाबेस काम : सही करण्याआधी काय बघावं

माण-खटावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात. आधी गेली ती माथाडी म्हणून आणि राहिली घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांत. आता त्याच घरातली पोरं बीसीए, बीएससी, इंजिनिअरिंग करून अंधेरीत ‘डेटाबेस डेव्हलपर’ म्हणून लागतात. गावी सांगतात, मोठ्या बँकेत लागलो. पगार मात्र भलत्याच कंपनीच्या नावानं खात्यावर येतो. आईबापांना याचा उलगडा होत नाही, म्हणून ही माहिती.

काम काय असतं?
बँक, विमा, शेअर बाजार, दवाखाना, सगळ्यांचा हिशेब डेटाबेसमध्ये असतो. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही त्यातली चालू नावं. सोसायटीच्या सचिवाचं खतावणीचं बाड असतं ना, तेच, फक्त कोटी पानांचं. त्यातून हवी ती नोंद काढायची, व्याजाची आकारणी बसवायची, रिपोर्ट तयार करायचा, हळू चालणारी क्वेरी पळती करायची, हे डेव्हलपरचं काम. महिनाअखेरीला आणि मार्चला रात्रभर बसावं लागतं.

कुठं आहे हे काम?
मुंबई उपनगरात याची सुरुवात अंधेरी पूर्वेच्या सीप्झपासून धरतात. १९७३ साली निर्यातीसाठी हा पट्टा सरकारनं काढला आणि देशातल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी तिथं बस्तान बसवलं. पुढं अंधेरी एमआयडीसी, साकीनाका, पवई, गोरेगावचं नेस्को, मालाडचं माइंडस्पेस असं ते पसरलं. मुलुंडकरांना खाडीपुलावरून ऐरोली जवळ पडते. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरला राहून मरोळ, चकाल्याला कामाला जाणं सोपं झालं. आधी बसमध्येच जीव जायचा.

सालगडी, रोजंदारी आणि उक्तं
आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनीचा कायम नोकर म्हणजे सालगडी. दुसरा प्रकार ‘थर्ड पार्टी पेरोल’चा. काम बँकेचं, पण माणूस मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा. हा मधला गडी म्हणजे ऊसतोडीतला मुकादम. बँक त्याला माणसामागे ठरलेली रक्कम देते, तो स्वतःचा हिस्सा ठेवून उरलेला पगार देतो. कधी मुकादमाखाली अजून एक मुकादम असतो. जितके हात मधे, तितका पगार बारीक. म्हणून पहिलाच प्रश्न विचारायचा, माझ्या आणि बँकेच्या मधे किती कंपन्या आहेत?

तिसरा प्रकार उक्त्याचा, म्हणजे फ्रीलान्स. इतकं काम, इतके पैसे. यात पीएफ नाही, रजा नाही. बिल केलं की कराराच्या स्वरूपाप्रमाणे २ किंवा १० टक्के टीडीएस कापतात. तो आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली दिसतो, विवरणपत्र भरलं की जादा कापलेला परत मिळतो. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

उक्त्यावाल्यांनी उद्यम नोंदणी करून ठेवावी, ती फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानं नोंदणी असलेल्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. दाद मागायला सुविधा परिषद आहे. हे बऱ्याच पोरांना ठाऊकच नसतं.

माझ्या घरातली गोष्ट
पुतण्याला अशीच एका पुरवठादाराकडं नोकरी लागली. पगारपत्रकावर दर महिन्याला पीएफची कपात. आठ महिन्यांनी प्रोजेक्ट संपला, यानं पासबुक उघडून बघितलं तर पाचच महिन्यांचा भरणा. मूळ मार्कलिस्ट त्यांच्याच कपाटात. कागद परत आणायला तीन हेलपाटे झाले आणि प्रत्येक वेळी माझी एक दिवसाची मजुरी बुडाली. पैसे पीएफ कार्यालयाकडं तक्रार केल्यावर हलले.

त्यावरून सांगतो. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. पीएफ १२ टक्के आपला आणि तितकाच मालकाचा, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उमंग ॲपवर दर महिन्याला बघा. ‘सीटीसी’ या मोठ्या आकड्यात मालकाचा हिस्साही धरलेला असतो, हातात येणारा पगार वेगळा विचारा. आणि नोकरी लावायला कुणी पैसे मागितले तर तिथूनच मागं फिरा.

बॉन्डचं काय?
‘बॉन्ड फुसका असतो, सोडून ये’ असं पारावर सांगणारे बरेच. अर्धी गोष्ट खरी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार कुणाचा धंदा-व्यवसाय अडवणारा करार चालत नाही. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख भरण्याची अट वैध धरली. तेव्हा मुदत किती, रक्कम किती, ट्रेनिंगवर खरंच खर्च होणार का, हे वाचूनच सही करा. नोटीस पिरियडही बघा. आपण सोडताना ९० दिवस आणि त्यांनी काढताना ७ दिवस असली एकतर्फी अट असेल तर बदलून मागा. सगळेच नाही म्हणत नाहीत.

टिकतं कोण?
नुसती क्वेरी आता एआयसुद्धा लिहून देतो. मागणी राहते ती धंदा समजणाऱ्याला. कर्जाचा हप्ता थकला की व्याज कसं फिरतं, हे ज्याला कळतं त्याला बँक सोडत नाही. पतसंस्थेत दोन वर्षं काढलेल्या पोराला इथं फायदा होतो, त्यानं तो अनुभव बायोडाटात लपवू नये. सरावाला पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल फुकट मिळतात. जुन्या ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर माहिती हलवण्याची कामंही निघतात, ती बहुतेक कंत्राटीच असतात. माहिती हलली की प्रोजेक्ट संपतो आणि माणूस मोकळा होतो. त्या मधल्या दोन-तीन महिन्यांचं खोलीभाडं आधीच बाजूला ठेवावं लागतं.

माथाड्याला १९६९ च्या कायद्यानं बोर्ड मिळालं. मालक मजुरी आणि लेव्ही बोर्डात भरतो, तिथून कामगाराला मिळते. संगणकावरच्या कंत्राटी पोराला असं बोर्ड नाही. त्याचा आजा ज्या खोलीत राहून संघटनेच्या सभेला जायचा, त्याच खोलीत हा एकटा बसून पासबुक तपासतो.