आरोपीच्या शेजारी उभा राहिलेला मेयर

निवडणूक आली की उमेदवार कामांची यादी घेऊन दारात येतो. इतका रस्ता केला, इतक्या शाळाखोल्या बांधल्या, इतके नळ दिले. पण ज्याने बावीस वर्षे गरीब आरोपींचीच बाजू कोर्टात मांडली, त्याने मतदारापुढे कोणती यादी ठेवायची? असा एक उमेदवार २००२ साली अमेरिकेत उभा राहिला. त्यांचे नाव ए. सी. व्हॉर्टन.

जागा होती टेनेसी राज्यातल्या शेल्बी काउंटीच्या मेयरची. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आपला महापौर सभागृहात नगरसेवकांनी निवडलेला असतो आणि कारभार आयुक्त पाहतात. शेल्बीत तसे नाही. तिथला मेयर लोक थेट निवडतात आणि तोच प्रशासनाचा प्रमुख असतो. अंदाजपत्रक तो मांडतो, काउंटीचे निवडून आलेले मंडळ ते मंजूर करते. १९७६ पासून ही पद्धत आहे. पोलीस आणि तुरुंग मात्र शेरिफकडे, आणि शेरिफही लोकांनीच निवडलेला.

या काउंटीचे मुख्य शहर मेम्फिस, मिसिसिपी नदीच्या काठावरचे. मेम्फिस म्हटले की १९६८ साल आठवते. त्या वर्षी १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले. सुमारे १३०० कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांचा खून झाला.

इथून पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आरोपी जेम्स अर्ल रे याला शेल्बी काउंटीच्या तुरुंगात आणले गेले. शेरिफ होते विल्यम मॉरिस. आणि रे याच्या बचावाच्या कामात न्यायाधीशांनी काउंटीच्या पब्लिक डिफेंडरलाही नेमले. आपल्याकडे 'सरकारी वकील' म्हटले की आरोपीच्या विरोधात उभा राहणारा वकील. पब्लिक डिफेंडर याच्या उलट. पगार सरकारचा, पण बाजू आरोपीची. ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. शेल्बीत हे कार्यालय १९१७ पासूनच होते. शहर पेटलेले असताना या कार्यालयाला किंग यांच्या मारेकऱ्याच्या शेजारी उभे राहावे लागले. १९६९ च्या मार्चमध्ये रे याने गुन्हा कबूल केला आणि त्याला ९९ वर्षांची शिक्षा झाली.

व्हॉर्टन यांचा जन्म १९४४ चा, टेनेसीतल्याच लेबनन गावचा. १९७१ साली त्यांनी मिसिसिपी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. जेम्स मेरेडिथ या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून १९६२ मध्ये जिथे दंगल होऊन दोन माणसे मेली, तेच हे विद्यापीठ. पुढे तिथेच व्हॉर्टन यांनी कायदा शिकवला. आणि १९८० साली ते शेल्बी काउंटीचे पब्लिक डिफेंडर झाले. बारा वर्षांपूर्वी ज्या कार्यालयाने किंग यांच्या मारेकऱ्याचा बचाव पाहिला, त्याच कार्यालयाच्या प्रमुखाच्या खुर्चीत आता एक कृष्णवर्णीय वकील बसला. त्या वेळी काउंटीचा मेयर कोण होता? पूर्वीचे शेरिफ मॉरिस. १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ते मेयर होते.

म्हणजे बघा, तुरुंगाच्या किल्ल्या हाती असलेला माणूस मेयर होतो, हे लोकांना पटण्यासारखे होते. गुन्हेगारीची भीती मते मिळवून देते. पण आरोपीचा वकील? 'हा चोरांना सोडवणारा', एवढे एक वाक्य त्याला पाडायला पुरे. त्यातच सुमारे नऊ लाख वस्तीच्या या काउंटीत गोरे आणि कृष्णवर्णीय जवळपास निम्मे-निम्मे. तोवरचे सगळे मेयर गोरे.

समोर होते जॉर्ज फ्लिन. व्यवसायाने डॉक्टर, रेडिओ केंद्रांचे मालक, पदरचा पैसा ओतणारे रिपब्लिकन उमेदवार. प्रश्न होते कर्जाचे, शाळांचे आणि शेतजमिनी गिळत पसरणाऱ्या उपनगरांचे. उपनगरात नवी शाळा बांधायला काउंटीने पैसा काढला की कायद्याने विद्यार्थीसंख्येच्या प्रमाणात शहरातल्या शाळांनाही द्यावा लागे. कर्ज दीड अब्ज डॉलरच्या वर गेलेले. अशा वेळी मतदारांना जुळवून घेणारा, शांत डोक्याचा माणूस हवा होता. १ ऑगस्ट २००२ ला व्हॉर्टन मोठ्या फरकाने जिंकले. गोऱ्या मतदारांच्या मतांशिवाय तेवढा फरक पडलाच नसता.

म्हणून सगळे गोड झाले, असे नाही. कर्जाचा डोंगर काही लगेच हलला नाही. तरीही २००६ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडले. २००९ मध्ये मुदत संपण्याआधीच ते मेम्फिस शहराचे मेयर झाले. तिथे निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या सवलती कापल्याचा राग त्यांच्यावर निघाला आणि २०१५ मध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या त्या शहराने एका गोऱ्या उमेदवाराला निवडून व्हॉर्टन यांना घरी बसवले. मला यात खंत वाटत नाही. २००२ मध्ये रंगापलीकडे पाहून त्यांना मत मिळाले, २०१५ मध्ये रंगापलीकडे पाहूनच नाकारले गेले. काउंटीने तर २०१० मध्ये पुन्हा एका शेरिफलाच मेयर केले.

आपल्याकडेही २०२२ पासून जिल्हा न्यायालयांत लोकअभिरक्षकांची कार्यालये सुरू झाली. वकील न परवडणाऱ्या आरोपीसाठी तिथे पगारी वकील बसतो. कोर्टाच्या व्हरांड्यात कागदाची गुंडाळी घेऊन बसलेला, 'माझं कोण ऐकणार' असे डोळ्यांनीच विचारणारा माणूस आपण पाहिलेला असतो. त्याच्या शेजारी बसण्यात ज्याने उमेदीची वर्षे घालवली, असा कोणी उद्या मत मागायला आपल्या दारात आला, तर त्याच्या यादीत रस्ते आणि नळ नसतील. तेव्हा आपण काय मोजणार, याचा विचार आजच करून ठेवलेला बरा.