अकरा मिलिग्रॅमांचा फरक

शाळेच्या प्रयोगवहीत लंबकाचा आलेख काढताना बिंदूच्या वरखाली एक लहानशी उभी रेघ काढावयाची असते. तिला 'एरर बार' म्हणतात. मुले तिला कंटाळतात. एरर म्हणजे चूक, मग ती वहीत मिरवावयाची कशाला, असे त्यांस वाटते; आणि मार्कांच्या भीतीने ती बिंदूच सरकवून सरळ रेषेवर आणून ठेवतात. वस्तुतः ती रेघ चुकीची कबुली नव्हे. आमचे मोजमाप साधारण येथपासून येथपर्यंत हलू शकते, अशी ती जबाबदारीने दिलेली हमी आहे. (कारखान्यात घड्याळ लावून कामाचा वेळ मोजणारे साहेब एकच आकडा लिहून जातात. त्या आकड्याला अशी रेघ जोडलेली आम्ही तरी पाहिली नाही!)

ही हमी किती मोलाची असते, ते लॉर्ड रॅले यांच्या कामात दिसते. १८९२ साली ते इंग्लंडात नायट्रोजनची घनता मोजत होते. काचेचा गोल निर्वात करावयाचा, ठरीव दाबाने वायू भरावयाचा आणि तोलावयाचा. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन, अमोनियाच्या साह्याने मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा हजारात एक भाग जड भरला. दुसरा कोणी असता तर 'प्रयोगातली चूक' म्हणून सोडून देता. रॅल्यांनी 'नेचर' साप्ताहिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना कारण विचारले, आणि फरक झाकण्याऐवजी वाढवावयास घेतला. पहिल्या पद्धतीत जेमतेम सातवा हिस्सा नायट्रोजन अमोनियातला होता, बाकीचा हवेतलाच. सगळाच संयुगांतून काढला, तेव्हा फरक दोनशेत एक झाला.

हवेतला भरला २.३१० ग्रॅम, संयुगांतला सरासरी २.२९९. फरक अकरा मिलिग्रॅमांचा. हवेतल्याची वजने आपापसांत मिलिग्रॅमभरही हलत नव्हती; संयुगांतल्याची चार मिलिग्रॅमांच्या आत राहत होती. आजच्या रीतीने या दोन बिंदूंवर रेघा काढल्या, तर त्या एकमेकींना शिवत नाहीत. म्हणजे दोष तराजूचा नव्हता. हवेतच आणखी काही होते.

विल्यम रॅम्से यांनी तापलेल्या मॅग्नेशियममध्ये नायट्रोजन शोषवून ते 'काही' वेगळे केले. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे दोघांनी ते जाहीर केले. कशाशीच संयोग पावत नाही म्हणून त्यास ग्रीक शब्दावरून आर्गॉन, म्हणजे निरुद्योगी, हे नाव मिळाले. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिके मिळाली, रॅल्यांना पदार्थविज्ञानाचे व रॅम्से यांना रसायनशास्त्राचे.

पण या वायूचा बुडबुडा हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ सालीच पाहिला होता. विजेच्या ठिणग्यांनी सारा नायट्रोजन संपवल्यावरही थोडासा वायू नळीत उरला. तो संपूर्ण नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून अधिक नाही, असे त्यांनी नमूद केले. खरे प्रमाण सुमारे पंच्याऐंशीवा भाग आहे. आकडा थोडा चुकला, परंतु बुडबुडा त्यांनी लपवला नाही. म्हणूनच शंभरांहून अधिक वर्षांनी तो कागद पुन्हा उघडून पाहता आला.